युमाचा मेजूल खजूर : देवगडच्या आंबेवालीचा अभिप्राय

फळाला पाचपैकी साडेचार, डब्याला तीन, भावाला दोन. घाई असेल त्यांनी इथेच थांबावं. एवढ्याशा खजुरासाठी एवढं पुराण कशाला, असं वाटूनही वाचणार असाल तर या पुढे.

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. झाडावरचं आणि झाडाखालचं घरचे पुरुष बघतात, पण आंबा पडवीत उतरला की पेटी टेम्पोत चढेपर्यंतचा कारभार माझा. वजनावर लावायचा, डागी बाजूला काढायचा, पेंढ्यात घालायचा, फोनवर गिऱ्हाइकाची समजूत काढायची. त्यामुळे कुठलंही फळ हातात आलं की आधी मी देठ बघते, मग साल, मग तळाचा माल. चव सगळ्यांत शेवटी. पुतण्या अ‍ॅरिझोनात नोकरीला आहे. मे महिन्यात घरी आला तेव्हा पाच पौंडांचा, म्हणजे साधारण सव्वादोन किलोंचा, मेजूल खजुराचा डबा घेऊन आला. डब्यावर गावाचं नाव होतं युमा, अ‍ॅरिझोना. फिनिक्सहून तीन तास गाडी चालवून तो तिकडे गेला होता आणि बागवाल्याच्याच दुकानातून डबा घेतला होता. बाग केवढी, पाणी कुठलं, तोडणीला माणसं कुठली, असं मी विचारत सुटले तेव्हा त्याने कंटाळून युमा काउंटीबद्दल, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याबद्दल, मिळेल ते सगळं मला फोनवर उघडून दिलं आणि स्वतः समुद्रावर निघून गेला.

तर आधी फळ. डबा उघडला तेव्हा वास असा काही आला नाही. हापूसवाल्यांना हे जरा चमत्कारिक वाटतं; आमच्याकडे अढी तयार झाली की ते शेजाऱ्याला आधी कळतं. दाणा मात्र बघत राहावा असा. माझ्या अंगठ्याहून जाड, तांबूस तपकिरी, सुरकुतलेला, पण कोरडा नाही. सून केक करते, तिचा छोटा वजनकाटा घेऊन बसले. बहुतेक दाणे बावीस ते सव्वीस ग्रॅममध्ये. तळापर्यंत माल एकसारखा. वर मोठे आणि खाली बारके ही आपल्याकडची जुनी खोड, ती इथे सापडली नाही. याचे पूर्ण गुण दिले.

काही दाण्यांची साल फुगून गरापासून सुटली होती. मेजूलमध्ये हा दोष धरतात. आकारावर जसा दर्जा ठरतो तसा साल किती सुटली यावरही ठरतो. खाताना फरक काही कळत नाही, फक्त जिभेला पापुद्रा लागतो. दोनचार दाण्यांवर बारीक पांढरे ठिपके होते. सासूबाईंनी बुरशी म्हणून बाजूला ठेवले. ती बुरशी नव्हे, फळातली साखर वर येऊन तिचे खडे झालेले असतात. गरम हातात धरलं की विरघळतात. हापूसच्या साक्याच्या, म्हणजे वरून चांगल्या दिसणाऱ्या आंब्याचा गर आतून बिघडण्याच्या, तक्रारी ऐकून ऐकून कान किटलेल्या बाईला अशा गोष्टी लगेच कळतात.

आत बी बारीक, गर लोण्यासारखा, रेषा औषधालाही नाही. चव काकवीची. पहिल्या घासाला नुसती गोडी, मग मागून किंचित खरपूसपणा येतो. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो खाल्ल्यार चायेत साखर कित्याक होयी?" पलीकडच्या वाडीतल्या भाभींचे दोन्ही मुलगे आखातात आहेत, रमजानात त्यांच्याकडे अजवा, सुक्करी, सगळे प्रकार येतात. त्यांना मुद्दाम दाणा नेऊन दिला, कारण खजुरातलं मला त्यांच्याएवढं कळत नाही. त्यांनी सावकाश खाल्ला, बी बशीत ठेवली आणि म्हणाल्या, "चांगला आहे. पण हा खजूर नाही, ही मिठाई." अर्धा गुण तिथे कापला. दोन दाण्यांच्या वर खाववत नाही, हे खरंच आहे.

आता हे झाड अमेरिकेचं नव्हेच. मोरोक्कोचं. तिथे बायूद नावाचा बुरशीचा रोग पडला आणि खजुराच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळायला लागल्या. १९२७ साली अमेरिकेच्या शेतीखात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वॉल्टर स्विंगल यांनी बू देनिब नावाच्या ओअॅसिसमधून मेजूलची अकरा पिल्लं उचलली. खजुराच्या बुंध्याला बाजूने पिल्लं फुटतात. बी रुजवली तर नर निघेल की मादी, गोड की तुरट, काही भरवसा नाही. पिल्लू लावलं तर आईचंच फळ. आपण हापूसचं कलम बांधतो ते याच कारणासाठी. रोग बरोबर येऊ नये म्हणून ती पिल्लं आधी नेव्हाडा राज्यात, जवळपास दुसरा खजूर नाही अशा जागी, सोवळ्यात ठेवली. दोन गेली, नऊ जगली. तिथून ती कॅलिफोर्नियात इंडिओच्या सरकारी बागेत आली आणि १९४४ मध्ये त्यांची पिल्लं युमाला आणि नदीपलीकडच्या बार्डला लावायला दिली. आज तिकडे मेजूलच्या रांगाच्या रांगा दिसतात, त्या या नऊ झाडांच्या जिवावर.

वाचून हसू आलं. आमचा आंबा २००७ साली अमेरिकेत जायला लागला तो लासलगावच्या विकिरण केंद्रातून, कोयीतला भुंगा त्यांच्याकडे पोचू नये म्हणून. बाहेरच्या फळाबाबत ते लोक आधीपासूनच असे आहेत. आणि बरोबर आहे त्यांचं. मोरोक्कोत काय झालं ते त्यांनी बघितलेलं होतं.

भाव. पुतण्याने तीस डॉलरांच्या आसपास मोजले. रुपयांत आणि किलोत लावलं तेव्हा एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या पेटीचा भाव ऐकून मुंबईची गिऱ्हाइकं जे तोंड करतात ते मी केलं. मग त्याची मेहनत वाचली. खजुरात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. वाऱ्यावर सोडून पीक धरत नाही. वसंतात माणूस वर जातो आणि नराचे पराग मादीच्या तुऱ्यावर हाताने घालतो. त्याच्या आधी पानांच्या देठावरचे सुयांसारखे लांब काटे तासायचे, नाहीतर माणसाला वर हात घालता येत नाही. फळ धरलं की विरळणी. घोसातले बरेचसे दाणे हिरवे असतानाच काढून टाकायचे, म्हणजे उरलेले मोठे होतात. मेजूलचा तो आकार तिथून येतो. मग घोस बांधायचे, त्यांना पिशव्या घालायच्या, म्हणजे पक्षी खात नाहीत आणि पिकलेला दाणा खाली पडत नाही. तोडणी ऑगस्टअखेरपासून सुरू होते, आणि एका घोसातले सगळे दाणे एकदम पिकत नाहीत म्हणून त्याच झाडावर पुन्हा पुन्हा जावं लागतं. आमच्याकडे झेल्याने देठासकट आंबा उतरवणारा गडी मिळवताना काय नाकदुऱ्या काढाव्या लागतात ते मला ठाऊक आहे. इथे तर गडी झाडावर वर्षभर चढउतार करतोय.

आणि ते झाड उभं कुठे आहे? वाळवंटात. युमात वर्षाला पाऊस पडतो पाऊणशे ते ऐंशी मिलिमीटर. आमच्याकडे जुलैतल्या एका रात्रीत तेवढा पडून जातो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर. जगातल्या सगळ्यांत जास्त उन्हाच्या गावांत युमाचं नाव घेतात. खजुराला म्हणतात डोकं उन्हात आणि पाय पाण्यात हवेत. डोक्याची सोय झाली, पाण्याची कोलोरॅडो नदी करते. ही नदी पूर्वी मनात येईल तशी वागायची. १९१६ च्या पुरात युमा गावातली मातीच्या विटांची घरं विरघळून गेली. सरकारने १९०९ मध्ये लगुना धरण पुरं केलं होतं, १९१२ मध्ये तर नदीच्या तळाखालून बोगदा काढून पाणी पलीकडच्या काठावरून युमाच्या शेतात आणलं. वरच्या अंगाला १९३५ साली हूव्हर धरण झालं आणि पूर आटोक्यात आले. तिकडचा पाण्याचा कायदा असा की ज्याने आधी पाणी वापरायला घेतलं त्याचा हक्क आधी. युमाच्या शेतकऱ्यांचे हक्क फार जुने, त्यामुळे नदीला पाणी कमी आलं तर आधी झळ इतरांना. अमेरिकेत हिवाळ्यात जो पालेभाजीचा आणि लेट्यूसचा माल खपतो, त्यातला नव्वद टक्के या पट्ट्यातून जातो असं सांगतात.

इथे मी फोन खाली ठेवला आणि विहिरीकडे बघून आले. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आमच्या डोक्यावर पडतो, कातळावरून धावत समुद्रात जातो, आणि मे महिन्यात आमच्या वाडीत टँकर येतो की नाही यावर आंघोळी ठरतात. नवीन कलमांना पाणी आम्ही डोक्यावरून घातलेलं आहे. ऐंशी मिलिमीटरवाले देशाला भाजी पुरवतात. यावर आमच्या घरी जेवताना जी चर्चा झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

काउंटी म्हणजे कारभाराच्या दृष्टीने आपल्या जिल्ह्यासारखाच तुकडा. अ‍ॅरिझोना हा प्रदेश वेगळा काढल्यावर १८६४ साली तिथे पहिल्या चार काउंट्या पाडल्या, त्यातली युमा एक. क्षेत्रफळ सुमारे १४,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाच्या पावणेतीन पट. माणसं २०२० च्या गणतीत २,०३,८८१. सिंधुदुर्गात २०११ सालीच साडेआठ लाख होती. म्हणजे तिकडे जमीन रग्गड आणि माणसं थोडी, त्यातही बरीच जमीन लष्कराच्या चांदमारीची. आपला जिल्हा रत्नागिरीतून १ मे १९८१ ला वेगळा झाला. युमाचा उत्तरेकडचा भाग तोडून ला पाझ नावाची नवी काउंटी केली ती १ जानेवारी १९८३ ला. वाटण्यांचा मोसम दोन्हीकडे एकच दिसतो.

मुळात गाव वसलं ते नदी ओलांडायच्या उतारामुळे. कोलोरॅडो तिथे खडकांत अरुंद होते, त्यामुळे नदी ओलांडायची तर तिथूनच. क्वेचान या तिथल्या मूळ आदिवासी लोकांच्या ताब्यात तो उतार होता. १७७४ मध्ये स्पॅनिश सरदार आन्सा त्यांच्याशी सलोखा करून पलीकडे गेला. पुढे स्पॅनिशांनी तिथे वस्ती आणि चर्च थाटलं, गुरं शेतात घातली, तेव्हा १७८१ मध्ये क्वेचानांनी उठाव करून त्यांना हुसकावलं. पाद्री गार्सेस त्यात मारला गेला. स्पॅनिशांचा कॅलिफोर्नियाकडे जायचा तो रस्ता त्यानंतर बंदच पडल्यासारखा झाला. मग १८४९ ला कॅलिफोर्नियातल्या सोन्यामागे धावणारे हजारो लोक याच उतारावर येऊन धडकले, तरीवाल्यांची चांदी झाली, पाठोपाठ अमेरिकेची पलटण आली आणि किल्ला उभा राहिला. ज्या जमिनीवर आज युमा गाव आहे ती मेक्सिकोची होती. १८५३-५४ च्या गॅड्सडेन खरेदीत, एक कोटी डॉलरच्या सौद्यात, ती अमेरिकेकडे आली. १८५२ पासून नदीत वाफेच्या बोटी चालत. १८७७ मध्ये रेल्वे आली आणि बोटींचं महत्त्व संपलं. आमच्या देवगड बंदरात बोट लागायची तेव्हाच्या गोष्टी सासूबाई सांगतात, त्यामुळे हा भाग त्यांना वाचून दाखवला. "म्हंजे थंय पन तसाच," एवढंच म्हणाल्या.

एक गंमत. युमात १८७६ ते १९०९ प्रदेशाचा तुरुंग होता, तीन हजारांवर कैदी तिथे राहून गेले. तुरुंग हलल्यावर गावच्या हायस्कूलला जागा नव्हती म्हणून १९१० पासून चार वर्षं शाळा त्याच तुरुंगात भरली. त्या शाळेच्या खेळाडूंना आजही 'क्रिमिनल्स' म्हणतात, आणि ते अभिमानाने मिरवतात. आमच्या शाळेला असं काही चिकटलं असतं तर पालक मोर्चा घेऊन गेले असते.

गंमत नसलेलंही आहे. १९४२ ला, दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाच्या हजारो अमेरिकन माणसांना घरादारातून उचलून पोस्टन इथल्या छावणीत डांबलं. ती जागा तेव्हा युमा काउंटीत होती, आता ला पाझमध्ये आहे. छावणी जिथे बांधली ती जमीनही आदिवासींची राखीव.

आज तिथे दहातली सहा माणसं हिस्पॅनिक, म्हणजे बहुतेक मेक्सिकन मुळाची. क्वेचान आणि कोकोपा लोकांच्या राखीव जमिनी अजून आहेत. अमेरिकेच्या मरीन दलाचा विमानतळ आहे, तोफा तपासायचं मैदान १९४३ पासून आहे. आणि हिवाळ्यात उत्तरेतले थंडीला कंटाळलेले म्हातारे-म्हाताऱ्या चाकांची घरं घेऊन हजारोंनी येऊन राहतात. त्यांचा आवडता उद्योग म्हणजे सीमेपलीकडे मेक्सिकोत लॉस अल्गोदोनेसला जाऊन स्वस्तात दात करून घेणं. त्या एवढ्याशा गावात दंतवैद्यांची दाटी आहे. आपल्याकडे हिवाळ्यात तारकर्लीला मुंबईकर येतात, निदान ते मासे तरी खातात.

शेतातली माणसं मात्र वेगळीकडून येतात. काउंटीच्या दक्षिण टोकाला सॅन लुइस नावाचं गाव आहे, आणि कुंपणापलीकडे मेक्सिकोतलं सॅन लुइस रिओ कोलोरॅडो. भाजीच्या हंगामात रात्री दोन-तीनला पलीकडच्या गावातून मजूर नाक्यावर रांगा लावतात, तपासणी होऊन अलीकडे येतात, उजाडायला शेतात हजर, आणि संध्याकाळी परत घरी. मजुरांच्या हक्कांसाठी पुढे अमेरिका हलवणारे सेझार चावेझ जन्माला आले ते याच युमाजवळ, ३१ मार्च १९२७ ला. म्हणजे मेजूलची पिल्लं मोरोक्कोतून निघाली त्याच साली. मंदीत त्यांच्या घरची जमीन गेली आणि कुटुंब कॅलिफोर्नियात मजुरीला लागलं. १९६५ च्या द्राक्षमळ्यांच्या संपाने ते देशभर माहीत झाले. १९९३ मध्ये गेले तेही याच काउंटीत, सॅन लुइसला.

देवगड-रत्नागिरीच्या बागांत आज राखणीला, फवारणीला, तोडणीला नेपाळी माणसं आहेत. आमच्याकडेही एक कुटुंब आहे. त्यांचा मुलगा शाळेत मालवणी बोलतो, माझ्यापेक्षा ठसक्यात. ते दोन महिने गावी गेले की आमचं काय होतं, ते गिऱ्हाइकाला पेटीवरून कळत नाही. म्हणून डब्यावर मी गुण कापले. वर मोठ्या अक्षरात 'हाताने तोडलेला' आहे. तोडणी कुठल्या महिन्यातली ते नाही, कुठल्या बागेतला ते नाही. पॅकिंगचा एक आकड्यांचा शिक्का, तो त्यांच्यापुरता. हापूसला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून आम्हाला पेटीमागे काय काय लिहावं लागतं ते बघा म्हणावं. शिवाय पुठ्ठा पातळ. दोन थरांमध्ये कागद नाही, त्यामुळे विमानात दबून खालचे दाणे एकमेकांना चिकटले.

घरात कसा वापरला ते सांगते. बी काढून आत ओलं खोबरं आणि चिमूटभर वेलची भरून दिला तर पाहुणे गप्प बसतात. एकादशीला एक दाणा आणि ताक पुरतं. दुधात भिजवून केळ्याबरोबर घुसळला तर साखर लागत नाही. डिंकाच्या लाडवांना मात्र उपयोग नाही. तिथे खारीकच हवी. हा कुटला की गोळा होतो आणि लाडू वळले तरी दुसऱ्या दिवशी चिकट. चटणीत घालणं म्हणजे पैशाचा नास, तिथे साधा काळा ओला खजूर पुरे. आणि आपल्या हवेत बाहेर ठेवू नका. हा वाळवलेला माल नाही, ओलसर फळ आहे. जूनची दमट हवा लागली की दोन दिवसांत घाम सुटतो, मुंग्या तर त्याआधीच. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, नाहीतर गर टणक लागतो.

घ्यावा का? कुणी आणत असेल तर नक्की. स्वतः मागवायचा तर मोठ्या दाण्याचे पैसे फुकट देऊ नका. पुतण्याला मी सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला मधला दर्जा आण, साल सुटलेला असला तरी चालेल, आणि दिवाळीला येणार असशील तर आण, तेव्हा तोडणी ताजी असते. मे महिन्यात आमच्या घरात हापूससमोर खजूर ठेवायचा म्हणजे त्या बिचाऱ्यावरच अन्याय.